नव्या माशाआधी जुना मासा

सोलापूरच्या माणसाने प्रवाळांतल्या माशांवर लिहायला घेतले तर लोक हसतील, आणि त्यांचे हसणे बरोबरच आहे. आमच्याकडे समुद्र नाही. जे पाणी आहे ते पुण्याने वापरून सोडलेले, उजनीत साठलेले आणि चार-पाच दिवसांआड नळाला येणारे. तरीही मालदीवच्या एका माशाची हकिकत आधी सांगतो, कारण आपल्या भीमेचे दुखणे काय आहे ते तिच्यावरून लवकर कळते.

मालदीवच्या बेटांभोवती प्रवाळांच्या उतारावर, 40 ते 70 मीटर खोलीला, बोटाएवढा एक गुलाबी मासा राहतो. हौशी लोकांच्या काचपेट्यांसाठी तो पकडला जाई आणि परदेशी विकला जाई. व्यापाऱ्यांना त्याचे शास्त्रीय नाव तोंडपाठ होते, पण ते नाव त्याचे नव्हते. 1983 साली जॉन रँडल या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर चागोस बेटांकडच्या, म्हणजे मालदीवच्या बऱ्याच दक्षिणेकडच्या, एका माशावरून एका जातीचे वर्णन छापले होते. हाताशी मासा एकच होता आणि तोही पिल्लू. पुढे मालदीवला मोठे मासे मिळाले तेव्हा हे त्याच पिल्लाचे थोरले भाऊबंद असे सर्वांनी धरून टाकले. मार्च 2022 मध्ये यि-काई टी, अहमद नजीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खवले मोजून, परांचे किरण मोजून, रंग आणि डीएनए ताडून हा मासा वेगळा असल्याचे दाखवून दिले. त्याला नाव मिळाले सिऱ्हिलॅब्रस फिनिफेन्मा. मालदीवच्या दिवेही भाषेत फिनिफेन्मा म्हणजे गुलाब. मालदीवच्या माशाचे औपचारिक वर्णन करणाऱ्यांत मालदीवी माणूस पहिल्यांदाच होता.

यात रँडल यांना दोष देता येत नाही. आठशेहून अधिक जाती त्यांनी जगाच्या नोंदीत आणल्या आणि त्या पिल्लाचे वर्णनही चोख केले. चुकले ते नंतरचे लोक. त्यांनी जुन्या नोंदीशी नवा मासा नीट ताडून पाहिला नाही. नाव आहे म्हटल्यावर काम झाले, असे सर्वांनी गृहीत धरले. या काळात मासा विकला गेला, आणि किती विकला गेला याचा हिशेब कुणाच्याच नावावर लागला नाही. ज्या जातीचे अस्तित्वच कागदावर नाही तिची घट कशी मोजणार?

‘नवा मासा सापडला’ अशी बातमी आपल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. त्यात दऱ्याखोऱ्या असतात, टॉर्च असतात, हातात पिशवी धरलेला हसरा संशोधक असतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सापडणे हा सर्वांत लहान भाग आहे. मासा तिथल्या कोळ्याला बहुधा आधीपासून ठाऊक असतो आणि तो त्याने खाल्लेलाही असतो. खरे काम पुढचे आहे आणि त्याचा फोटो चांगला येत नाही. मासा फॉर्मॅलिनमध्ये पक्का करायचा, मग अल्कोहोलमध्ये ठेवायचा. त्याआधी पराचा एक तुकडा डीएनएसाठी काढून घ्यायचा. अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेवरचे खवले एकेक करून मोजायचे. पाठीच्या पराला कडक काटे किती, मऊ किरण किती, डोळ्याचा व्यास डोक्याच्या लांबीच्या कितवा हिस्सा, मिशा ओठापर्यंत पोहोचतात की कल्ल्यापर्यंत, हे सगळे लिहायचे. मग जवळच्या प्रत्येक जातीचे दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे लेख शोधायचे. ते लॅटिन, जर्मन, फ्रेंच, कशातही असू शकतात. लंडन-पॅरिस-कोलकात्याच्या बरण्यांतले जुने नमुने पाहून यायचे. शेवटी एक मासा निवडून त्याला क्रमांक द्यायचा, तो संग्रहालयात ठेवायचा आणि लेख छापायचा. छापल्याशिवाय नाव लागत नाही. नमुना बरणीत आल्यापासून वर्णन छापून होईपर्यंत सरासरी 21 वर्षे जातात असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते.

तो बरणीतला मूळ नमुना म्हणजे त्या जातीचा सात-बारा. पुढे वाद झाला, दोघांनी एकाच नावावर हक्क सांगितला किंवा एका नावाखाली तीन मासे निघाले, तर सर्वांनी त्या एका बरणीपाशी यायचे. उताराच नसेल तर तोंडी साक्षींवर खटला चालतो आणि तो किती वर्षे चालतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

आता मराठी मुलखाकडे येऊ, पण तांबड्या समुद्रावरून, कारण नोंदीची एक जुनी रीत तिथे दिसते. तांबड्या समुद्रातल्या प्रवाळांतले मासे पहिल्यांदा नीट लिहून काढणारा माणूस पेटर फोर्सकोल. डेन्मार्कच्या राजाने 1761 साली अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला तो निसर्गशास्त्रज्ञ. मासे तो वनस्पतींसारखे वाळवी: अर्धी कातडी सोलून कागदावर दाबून ठेवी. त्या कातड्या आजही कोपनहेगनला आहेत. 1763 मध्ये येमेनमध्ये तो तापाने गेला. मोहिमेतला एकटा कार्स्टन नीबूर जिवंत घरी पोहोचला, तोही मुंबईमार्गे, आणि 1775 साली त्याने मित्राचे टिपण छापले. फोर्सकोलने बऱ्याच माशांना किनाऱ्यावरच्या अरब कोळ्यांची नावेच दिली: बोहार, सोहाल, असफूर, हारक. ती आजही लॅटिन नावांत जशीच्या तशी आहेत. मत्स्यालयातल्या एखाद्या पट्टेरी प्रवाळमाशाला शास्त्रज्ञ अबूदेफदूफ म्हणतात तेव्हा ते अडीचशे वर्षांपूर्वीचे अरबी बोलत असतात.

त्याच धर्तीचे काम दख्खनमध्ये केले ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने. मुंबई लष्करातला हा अधिकारी 1824 पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार होता. गावोगाव फिरून पिके, जाती, शेतसारा, पाऊस यांचे आकडे गोळा करणे हे त्याचे काम. ते करता करता त्याने पक्षी, प्राणी आणि मासेही गोळा केले. पुढे हाच गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याची टिपणे म्हणजे निव्वळ निसर्गप्रेम असे मानायचे कारण नाही. राज्य करायचे तर मुलखात काय काय आहे ते माहीत हवे, हा त्यामागचा हिशेब होता. लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळापुढे त्याने ठेवलेला दख्खनच्या माशांवरचा निबंध 1839 साली छापून आला. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांतल्या चाळीसच्या आसपास माशांची वर्णने त्यात होती आणि बहुतेक जाती विज्ञानाला नव्या होत्या.

त्या निबंधातली लॅटिन नावे भीमाकाठच्या माणसाला कोशाशिवाय कळतात. सीनघाला म्हणजे शिंगाळा. गोग्रा म्हणजे घोगरा. नुक्ता म्हणजे नकटा. मुल्ल्या म्हणजे मळ्या. शिंगाळ्याचे जगभर चालणारे शास्त्रीय नाव आज स्पेराटा सीनघाला असे आहे आणि शेवटी कंसात साइक्स, 1839. काही नावे त्याने लंडनच्या मंडळातल्या दोस्तांना खूश करायलाही दिली. ओगिल्बी, व्हिगर्स, यॅरेल हे सगळे तिकडचे साहेब. पण एकंदर यादी भोई-कोळ्यांच्या तोंडची आहे. मासा कुठल्या डोहात मिळतो, केव्हा मिळतो आणि त्याला काय म्हणतात हे ज्यांनी साहेबाला सांगितले त्यांची स्वतःची नावे मात्र कुठे उरली नाहीत. मालदीवला हे होऊ नये यासाठी 2022 उजाडावे लागले. आपल्याकडे ते अजून नीट झालेले नाही.

साइक्सचे हे काम मोठे आहे, पण त्याचे कौतुक करून थांबणे मला परवडत नाही, कारण त्याने मागे मोठा घोळही ठेवला. त्याची वर्णने तोकडी आहेत. काही माशांना चार-सहा ओळींत निकालात काढले आहे. त्या काळाच्या मानाने ते चालून गेले. वाईट हे की बहुतेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात दाखवता येत नाहीत. उरले ते शब्द आणि काही चित्रे. परिणाम काय होतो ते ‘मसुल्ला’च्या प्रकरणात दिसते. घोड नदीतल्या एका मोठ्या माशाला साइक्सने बार्बस मसुल्ला नाव दिले. शतकभराने सुंदरलाल होरांसारख्या जाणत्या शास्त्रज्ञाने तो महसीर या मोठ्या नदीमाशांच्या गटातला मानला. पुढच्या अनेक पुस्तकांत आणि याद्यांत तो महसीर म्हणून फिरला, त्यावर लेख झाले. 2013 साली काही तरुण संशोधकांनी साइक्सचे मूळ शब्द, चित्र आणि नदीतले मासे पुन्हा शेजारी मांडले तेव्हा कळले की हा महसीर नाहीच, वेगळ्याच गटातला आहे. सत्तर वर्षे एका माशाच्या नावाने दुसऱ्याचीच चौकशी चालली होती.

कुणी म्हणेल, नाव चुकले म्हणून माशाचे काय बिघडले? तो पोहतच होता की. या प्रश्नाला माझ्याकडे असलेले सर्वांत चांगले उत्तर कावेरीतले आहे, आणि ते आपल्या लोणावळ्यावरून जाते.

साइक्सने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णन केलेला एक मासा म्हणजे टॉर खुद्री, दख्खनचा महसीर. विसाव्या शतकात धरणे, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि सांडपाणी यांनी तो कमी होत गेला. तेव्हा लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात त्याची अंडी कृत्रिमरीत्या उबवून पिल्ले वाढवण्याचे मोठे काम उभे राहिले. त्यात सी. व्ही. कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता. हे कुलकर्णी म्हणजे मुंबई प्रांताच्या मत्स्यखात्यात घडलेले पट्टीचे शास्त्रज्ञ. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे. लोणावळ्याची पिल्ले देशभर वाटली गेली. सत्तरच्या दशकापासून ती कावेरीतही सोडली गेली, आणि हेतू चांगलाच होता.

कावेरीत मात्र आधीपासून दुसरा महसीर होता. पाठीवर मदार असलेला, पन्नास किलोच्या वर जाणारा. गळ टाकणाऱ्या इंग्रज साहेबांनी 1870 च्या दशकापासून त्याची वर्णने आपल्या शिकारीच्या पुस्तकांत लिहिली, त्याच्यासोबत फोटो काढले. जगातल्या गोड्या पाण्याच्या सर्वांत नामवंत माशांपैकी तो एक. आणि या माशाला शास्त्रीय नावच नव्हते! मासा इतका प्रसिद्ध, की कुणाला वाटलेच नाही त्याचे वर्णन राहिले असेल. कागदावर कावेरीत ‘महसीर’ होता, लोणावळ्याहून येणाराही ‘महसीर’ होता. कागदाला दोघांत फरक दिसत नव्हता. पाहुणा वाढत गेला, घरचा आटत गेला. 2018 साली एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की केरळातल्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून आधी वर्णन झालेला टॉर रेमादेवी हाच तो मदारीचा महसीर. मालदीवसारखीच गंमत: लहान माशाचे वर्णन वेगळे छापलेले, मोठा मासा निनावी. नाव लागले त्याच वर्षी तो संकटातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत थेट ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात नोंदला गेला. त्याआधी त्याला कुठल्याच वर्गात घालता येत नव्हते, कारण निनावी माशासाठी यादीत रकानाच नाही.

लोणावळ्याच्या लोकांना मी यात खलनायक करणार नाही. हाताशी असलेल्या ज्ञानावर त्यांनी एक मासा वाचवला. दुसरा मासा त्यांच्या ज्ञानात नव्हता आणि तो ज्ञानात आणणे हे ज्यांचे काम होते ते काम दीडशे वर्षे कुणीच केले नाही.

आता कुलकर्णी. याच माणसाने 1940 साली एका नव्या माशाचे वर्णन छापले होते. मुंबईच्या आसपासच्या खाजणांतला, जेमतेम दोन सेंटिमीटरचा, आरपार दिसणारा मासा. नराचा मागचा पर एखाद्या अवजारासारखा बदललेला. त्याने तो शुक्रजंतूंची बारीक पुडी मादीच्या अंगाला चिकटवतो. भारतीय संग्रहालयाच्या नियतकालिकात कुलकर्णींनी या माशाची केवळ मापे दिली नाहीत. तो कसा जगतो, मिलन कसे होते, अंडे कसे वाढते, पिल्लू कसे फुटते, सगळे दिले. नाव ठेवले होरॅइक्थिस सेत्नाय, होरा आणि सेटना या दोन वडीलधाऱ्या शास्त्रज्ञांच्या नावावरून, आणि माशासाठी एक नवे कुटुंबही उभे केले. पुढे 2008 मध्ये लीन परेंटी यांनी या माशाला ओरायझियस या जुन्या प्रजातीत बसवले. कुटुंब गेले, प्रजाती गेली. पण कुलकर्णींचा लेख गेला नाही. या माशावर आजही जो काम करील त्याला आधी तोच उघडावा लागतो. 1952 मध्ये त्यांनी कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहानग्या माशाचे वर्णन केले. दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणाऱ्या त्या माशाचे त्यांनी ठेवलेले नाव जगभर जसेच्या तसे चालते: निओट्रोपियस खवलचोर.

साइक्स आणि कुलकर्णी यांच्या कामातला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. साइक्सची नावे टिकली पण वर्णने पुरली नाहीत. कुलकर्णींचे एक नाव बदलले तरी वर्णन पुरून उरले. जो समाज नावाचा उत्सव करतो आणि वर्णनाकडे पाहत नाही, त्याच्या हाती पहिल्या प्रकारचे विज्ञान येते. आपल्याकडे सध्या तेच आहे, असे मला वाटते.

आंबोलीचे उदाहरण घ्या. 2020 मध्ये हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडातून शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशाचे वर्णन झाले. वर्णन करणाऱ्या तिघांत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव तेजस ठाकरे होते, म्हणून बातमी मोठी झाली. वर्षभरात ती जागा राज्याने जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केली. चांगलेच झाले, नाव लागले की कायद्याचा हात किती वेगाने हलू शकतो ते त्यातून दिसले. पण प्रत्येक माशाच्या नशिबी असा वर्णनकार येत नाही. समुद्राकडे पाहा. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किलोमीटरवर आंग्र्यांच्या नावाचे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे, वीसेक मीटर खोलीवर प्रवाळ असलेले. राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे 22 किलोमीटर. 1987 साली मालवणला जसे सागरी अभयारण्य केले तसे तिथे राज्याला परस्पर करता येत नाही. अशा ठिकाणी संरक्षणाचा दावा उभा करायचा तर तिथे काय काय राहते याची नमुन्यांसह नोंद हाच पहिला पुरावा असतो.

पण मला बोलायचे आहे ते सोलापूरबद्दल. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. आज त्याच्या जाळ्यांत काय येते? मुख्यतः चिलापी, जी मुळात आफ्रिकेची आणि 1952 मध्ये भारतात आणली गेली. कटला, रोहू, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले, बीज म्हणून सोडलेले. अलीकडे सकर येतो, दक्षिण अमेरिकेतला. कुणीतरी काचपेटीतून कंटाळून बाहेर टाकला आणि आता तो कोळ्यांची जाळी फाडतो. त्याला बाजार नाही. भीमेकाठी बसून जिल्ह्यातला माणूस आज बाहेरचेच मासे खातो. त्यात पाप काही नाही. कोळ्याच्या घरात चूल त्यावरच पेटते. प्रश्न एवढाच की घरचे मासे किती उरले? नकटा लाल यादीत संकटग्रस्त आहे. बाकीच्यांचे काय? धरणाआधी भीमेत काय होते हे सांगणारी जुनी, पायाची नोंद म्हणजे साइक्सचा तोकडा निबंध. म्हणजे भीमेचे काय गेले हे मोजायलाही त्याच चार-सहा ओळी.

‘उजनी जलाशयातील मत्स्यविविधता’, ‘अमुक तलावातील मत्स्यसंपदा’ अशा शीर्षकांचे लेख आपल्या महाविद्यालयांतून दर वर्षी निघतात. मी त्यातले बरेच वाचले आहेत आणि बहुतेकांनी मला निराश केले आहे. बाजारातून मासे आणायचे, एका प्रसिद्ध पुस्तकातल्या किल्लीने नावे लावायची, कोष्टक करायचे, छापायचे. मासे मग कुठे जातात? काही महिन्यांनी प्रयोगशाळेच्या मोरीत. एकाही माशाला क्रमांक नाही, तो कुठल्याही संग्रहालयात ठेवलेला नाही. म्हणून एखाद्या यादीत हिमालयातला मासा भीमेत दिसला तर तो खरा की लेखकाची नजर चुकली, हे कुणालाही तपासता येत नाही. याचा सगळा दोष मी प्राध्यापकांवर टाकत नाही. बढतीसाठी गुण मोजणारी व्यवस्था वर्णनाला किंमतच देत नाही. एखाद्या जातीच्या जुन्या वर्णनाचे दोन वर्षे खपून पुनर्लेखन करणाऱ्याला जेवढे गुण, तेवढेच तीन आठवड्यांच्या यादीला. शिवाय माशाच्या नावापुढे ज्याचे नाव लागते त्याचा लेख संदर्भ म्हणून क्वचितच मोजला जातो.

कायद्याने मात्र हे काम मागितलेले आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नवी जात ज्याला मिळेल त्याने सरकारने नेमलेल्या संस्थेला ती कळवून नमुने जमा करायचे आहेत. गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची आहे. या नोंदवह्या हरित लवादाच्या मुदतीच्या धाकाने घाईघाईत भरल्या गेल्या, आणि घाईत भरलेल्या नोंदवहीत मासा ‘मासा’ एवढाच राहतो.

मासे मारून बरणीत भरणे हा आक्षेपही मी ऐकला आहे. त्याला उत्तर देताना मला संकोच वाटत नाही. दहा-वीस नमुने घेतल्याने भीमेतला मासा संपणार नाही. तो संपवायला पुण्याचे सांडपाणी, वाळूउपसा आणि बारीक आसाची जाळी पुरेशी आहेत. दुर्मीळ माशाच्या बाबतीत संयम हवाच, आणि चांगले लोक तो पाळतात. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: हल्ली डीएनएत थोडा फरक दिसला की नवी जात, असा सपाटा चालतो, एका माशाच्या चार जाती होतात, चार लेख होतात. हे घडते. म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की सोलापूरने नव्या जातीच्या मागे लागू नये. भीमेत नवा मासा असेलही. तो पळून जात नाही. आधी साइक्सचे जुने मासे पुन्हा पाहावेत. मूळ नमुना हरवला असेल तर आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अभ्यासक नवा नमुना नेमू शकतो. मात्र तो शक्यतो मूळ जागेजवळचा हवा, आणि मूळ जागांपैकी मुळा-मुठा आज कोणत्या अवस्थेत आहे हे पुण्याला जाणारा प्रत्येक सोलापूरकर नाकावर रुमाल धरून पाहतो. साइक्सच्या माशांची शेवटची वस्ती शोधायची तर ती उजनीच्या खालच्या भीमेत, बंधाऱ्यांच्या मधल्या डोहांत, सीना-माणच्या संगमांपाशी शोधावी लागेल. मासे तिथेही नसतील, तर तसेही लिहून ठेवावे लागेल.

यासाठी मोठा निधी लागत नाही. जाळे कोळ्याचे, अल्कोहोल महाविद्यालयाचे, जुने लेख आता घरबसल्या मिळतात. लागतो तो दोन-तीन वर्षांचा धीर आणि परिणाम लगेच दिसला नाही तरी चालेल असे म्हणणारा विभागप्रमुख. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुने तिथे जमा करता येतात, क्रमांक मिळतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या प्राणिशास्त्र विभागांनी पदव्युत्तर प्रकल्पांपैकी निदान काही प्रकल्प यादीऐवजी एकेका माशाला द्यावेत: एका गटाला शिंगाळा, एकाला घोगरा, एकाला नकटा. आणि नमुन्याच्या बरणीत जी चिठ्ठी घालतात, जिच्यावर नदी, गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते, तिच्यावर विद्यार्थ्याच्या नावाशेजारी ज्या भोयाच्या जाळ्यात तो मासा आला त्याचेही नाव लिहावे.